ईस्ट एंडचे सूर : लायनेल बार्टच्या संगीतिकांची पार्श्वभूमी

लायनेल बार्टच्या 'ऑलिव्हर!' या संगीतिकेत फेगिनचं एक पद आहे. पाकीटमार पोरांचा हा म्हातारा म्होरक्या एकटाच बसून विचार करतो, आता सरळ मार्गाला लागावं का? चाल संथ सुरू होते, व्हायोलिन मध्येच रेंगाळतं, मग लय चढत जाते आणि दर कडव्याला म्हातारा फिरून मूळपदावर येतो. त्या व्हायोलिनमध्ये पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या गाण्याचा लहेजा स्वच्छ ऐकू येतो. तो आला लंडनच्या ईस्ट एंडमधून, म्हणजे शहराच्या पूर्वेकडच्या कष्टकरी वस्तीतून.

लायनेल बार्ट तिथल्याच स्टेपनी भागात १९३० साली जन्मला. मूळ आडनाव बेग्लायटर. वडील शिंपी, घराणं पूर्व युरोपातल्या गॅलिशियातून आलेल्या ज्यूंचं. बार्टला स्वरलिपी कधीच लिहिता आली नाही. तो चाल गुणगुणायचा आणि दुसरं कुणीतरी ती कागदावर उतरवून घ्यायचं. डाव्या विचारांच्या युनिटी थिएटरमध्ये त्याचा हात बसला. गायक क्लिफ रिचर्डने गाजवलेलं 'लिव्हिंग डॉल' हे १९५९ चं गाणंही त्याचंच.

त्याच वर्षी दिग्दर्शिका जोन लिटलवुडने स्ट्रॅटफर्ड ईस्टच्या थिएटर रॉयलमध्ये 'फिंग्ज एन्ट वॉट दे यूझ्ड टी बी' उभं केलं. तुरुंग पाहून आलेल्या फ्रँक नॉर्मनचं ते नाटक, गाणी बार्टची. नावातच कॉकनी, म्हणजे ईस्ट एंडच्या कष्टकऱ्यांच्या, उच्चाराने 'थिंग्ज'चं 'फिंग्ज' झालेलं! सोहोतले जुगारी आणि वेश्या आपल्याच बोलीत गाऊ लागल्या. पुढच्या सगळ्याचं बी मला इथे दिसतं.

३० जून १९६० रोजी न्यू थिएटरमध्ये 'ऑलिव्हर!' आलं. संहिता, पदं आणि संगीत तिन्ही बार्टचं. नेपथ्यकार शॉन केनीने फिरत्या रंगमंचावर लाकडी जिन्यांचं अख्खं लंडन उभं केलं होतं. लंडनमध्ये २,६१८ प्रयोग झाले. संगीतिका ज्यावर बेतली, त्या डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' कादंबरीत फेगिनचा उल्लेख पुन्हा पुन्हा नुसता 'तो ज्यू' असा येतो आणि शेवटी त्याला फाशी होते. बार्टने त्याला आपल्या लहानपणी कानांवर पडलेले सूर दिले, विनोद दिला आणि फाशीतून सोडवलं. पहिला फेगिन रॉन मूडी, तोही ज्यू घरातलाच. शिंप्याच्या पोराने आपल्याच माणसावरचा जुना डाग गाण्याने पुसायला घेतला होता, असं मी मानतो.

१९६२ च्या 'ब्लिट्झ!'मध्ये तर तो थेट घरीच परतला. दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बवर्षावातला ईस्ट एंड, एक ज्यू कुटुंब, शेजारी एक कॉकनी कुटुंब आणि दोघांचं हाडवैर. १९६४ चं 'मॅगी मे' लिव्हरपूलच्या गोदीत घडतं, पण तिथली माणसंही कष्टकरीच.

पुढचं पाऊल शेरवुडच्या जंगलात पडलं आणि तोल गेला. रॉबिन हूडची थट्टा करणारं 'ट्वँग!!' १९६५ मध्ये आलं. लंडनचा पडदा उघडण्याआधीच दिग्दर्शिका लिटलवुड बाहेर पडल्या होत्या. ४३ प्रयोगांत खेळ आटोपला. बार्टने त्यात स्वतःचा पैसा ओतला आणि तो उभा करायला 'ऑलिव्हर!'चे हक्क विकले. कलाकार मॅक्स बायग्रेव्हजने ते ३५० पौंडांना घेतले आणि पुढे अडीच लाखांना विकले. 'ऑलिव्हर!'वरच्या १९६८ च्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, तेव्हा आपल्याच कृतीवर बार्टचा हक्क उरला नव्हता. १९७२ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. दारूने तब्येतही पोखरली.

निर्माता कॅमेरन मॅकिंटॉशने तरुणपणी 'ऑलिव्हर!'च्या दौऱ्यात रंगमंचामागे पडेल ते काम केलं होतं. १९९४ मध्ये लंडन पॅलेडियमवर त्याने ही संगीतिका पुन्हा उभी केली आणि उत्पन्नात बार्टला वाटा दिला. बार्टने काही पदांत नव्या ओळी घातल्या. १९९९ च्या एप्रिलमध्ये तो गेला. शेवटची काही वर्षं का होईना, 'ऑलिव्हर!'चे पैसे पुन्हा त्याच्या हातात पडत होते.