माल्टमधली साखर नेमकी कुठे अडकते?

घरी बिअर तयार करताना पाच किलो माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) वापरूनही वर्ट, म्हणजे त्यातून निघणारा गोड द्रव, अपेक्षेपेक्षा पातळ निघाले, की बहुतेक जण पुढच्या वेळी अर्धा किलो माल्ट वाढवतात. त्याने आकडा सुधारतो, पण दोष तसाच राहतो. साखर माल्टमध्ये तयारच झाली नाही, की तयार होऊन भिजलेल्या चोथ्यात अडकून राहिली, हे आधी ठरवले पाहिजे, कारण या दोन्ही दोषांवरचे उपाय वेगळे आहेत.

हिशोब सोपा आहे. चांगल्या प्रतीच्या फिकट माल्टमधून एका किलोमागे एका लिटरला साधारण ३०० अंश अर्क मिळू शकतो, असे धरले जाते; इथे एक अंश म्हणजे पाण्याच्या १.००० या घनतेवरचा ०.००१ इतका फरक. पाच किलोंचे १५०० अंश २५ लिटरमध्ये विभागले, तर सापेक्ष घनता १.०६० यायला हवी. हायड्रोमीटरने थंड केलेल्या नमुन्यात १.०४५ दाखवले, तर मॅशची, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढण्याची, कार्यक्षमता ७५ टक्के झाली.

उरलेले २५ टक्के कुठे गेले, हे धुलाईचे (चोथ्यातली साखर धुऊन काढण्याचे) पाणी ओतण्यापूर्वीच तपासता येते. एका किलोला तीन लिटर पाणी घेतले असेल आणि स्टार्चचे पूर्ण रूपांतर झाले असेल, तर नीट ढवळलेल्या पहिल्या वर्टची घनता १.०८०च्या थोडी वर असते. ती बरीच कमी भरली, तर दोष रूपांतरात आहे. ती योग्य असूनही शेवटचा हिशोब जमत नसेल, तर साखर चोथ्यात राहिली आहे.

रूपांतर अपुरे राहण्याचे पहिले कारण माझ्या मते भरड हेच असते, आणि नेमके तेच तपासायचे राहून जाते. माल्ट भरडणाऱ्या रोलरमधली फट साधारण एक मिलिमीटर ठेवून मूठभर भरड हातावर पसरून पाहावी. टरफले बरीचशी अखंड असावीत, आतला गर चार-पाच तुकड्यांत फुटलेला असावा आणि एकही दाणा सबंध दिसू नये. सबंध दाण्याच्या आत पाणी पुरेसे शिरत नाही, म्हणून स्टार्चची साखर करणारी विकरे तिथल्या स्टार्चपर्यंत पोहोचत नाहीत. मात्र पीठच करून टाकले, तर गाळणीचे काम करणारी टरफले मोडतात आणि थर तुंबतो. कापडी पिशवीत मॅश करणाऱ्यांना ही अडचण कमी जाणवते, त्यामुळे त्यांनी अधिक बारीक दळायला हरकत नाही.

त्यानंतर तापमान आणि सामू (pH). जवाच्या माल्टमधला स्टार्च साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला फुगून सैल होतो; बीटा-अमायलेज हे विकर याच पट्ट्यात उत्तम चालते, पण त्याच्या वर लवकर निकामी होते, तर अल्फा-अमायलेज सत्तरीच्या आसपासही काम करत राहते. म्हणून ६५ ते ६८ अंशांचा मध्यममार्ग बहुतेक जण धरतात. भांड्याच्या मध्यभागी आणि कडेला तापमान वेगळे असू शकते, म्हणून दोन्हीकडे मोजावे. थंड नमुन्याचा सामू ५.२ ते ५.६ असावा, बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात फिकट माल्ट वापरल्यास तो वर सरकतो, आणि अशा वेळी थोडे लॅक्टिक आम्ल किंवा कॅल्शियम क्लोराइड उपयोगी पडते. तासाभराने पांढऱ्या बशीत वर्टचा थेंब घेऊन आयोडीन टाकावे. निळा-काळा रंग आला, तर स्टार्च शिल्लक आहे आणि मॅशला आणखी वेळ हवा. थेंबात टरफलाचा कण नसावा, कारण तोही काळा पडून दिशाभूल करतो. हा नमुना परत भांड्यात ओतू नये.

आता चोथ्यातली साखर. एक किलो माल्ट साधारण एक लिटर द्रव धरून ठेवते. किलोला तीन लिटर पाण्याच्या वरच्या प्रमाणात धुलाई केलीच नाही, तर एक चतुर्थांशाहून जास्त साखर तिथेच राहते. सगळे पाणी एकदम ओतण्यापेक्षा ते दोन सारख्या भागांत ओतून, दर वेळी ढवळून काढल्यास जास्त साखर निघते. सतत धार सोडायची असेल, तर घाई करू नये, नाहीतर पाणी थरात एखादी सोपी वाट शोधते आणि बाकीचा चोथा न धुतलेलाच राहतो. जाळीखाली तोटीपर्यंत न पोहोचणारे वर्ट किती उरते, हेही रिकाम्या भांड्यात पाणी घालून एकदा मोजून ठेवावे.

कार्यक्षमता ८५ टक्क्यांपर्यंत ताणण्यापेक्षा ती दर वेळी ७५च्या आसपास स्थिर राहणे मी अधिक मोलाचे मानतो, कारण त्याशिवाय पाककृती आखता येत नाही. धुलाईचे पाणी ७७ अंशांच्या फार वर जाऊ देऊ नये, आणि शेवटी निघणाऱ्या द्रवाची घनता १.०१०च्या खाली उतरली किंवा सामू ६कडे सरकू लागला, की तोटी बंद करावी. त्यापुढे साखरेपेक्षा टरफलांतले तुरट टॅनिनच जास्त उतरते.