सेवास्तर मानके

सेवास्तर मानके : पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घनकचरा व्यवस्थापन आणि पावसाळी पाण्याचा निचरा या चार नागरी सेवा शहरात किती लोकांपर्यंत, कोणत्या दर्जाने आणि किती खर्चात पोचतात हे मोजण्यासाठी केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने 2008 मध्ये निश्चित केलेले 28 निर्देशक व त्यांची उद्दिष्टे. यांपैकी पाणी व मलनिस्सारण यांचे प्रत्येकी 9, घनकचऱ्याचे 8 आणि पावसाळी गटारांचे 2 निर्देशक आहेत. 2009 पासून निवडक शहरांत त्यांचा प्रायोगिक वापर झाला.

या मानकांचे मूळ कोठे शोधावे, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. एक मत इंग्लंडकडे बोट दाखवते. तेथे 1988 च्या कायद्याने कचरा उचलणे, रस्तेसफाई अशा कामांच्या सक्तीच्या निविदा स्थानिक संस्थांवर लादल्या होत्या. 1999 च्या स्थानिक शासन कायद्याने ती सक्ती काढून काटकसर, कार्यक्षमता व परिणामकारकता या तिन्ही अंगांनी सेवेत सतत सुधारणा करण्याचे कर्तव्य घातले आणि त्यासोबत निर्देशकांची लांबलचक यादी आली. दुसरे मत जागतिक बँकेच्या पाणीपुरवठा संस्थांविषयीच्या आंतरराष्ट्रीय तुलनाजालाला श्रेय देते. तिसरे मत आशियाई विकास बँक व नगरविकास मंत्रालय यांनी 2007 मध्ये काढलेल्या 20 भारतीय पाणीपुरवठा संस्थांच्या तुलनात्मक आकडेवारीला जवळचा स्रोत मानते. त्या 20 पैकी एकाही ठिकाणी चोवीस तास पाणी नव्हते. 2008 च्या निर्देशकांची मांडणी पाहता तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. इंग्रजी पद्धतीत ठेकेदारीचा प्रश्न केंद्रस्थानी होता. भारतीय यादीत सेवा कोण देतो याला स्थानच नाही. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास स्थानिक निधी लेखापरीक्षेची परंपरा (1930 चा अधिनियम) जुनी आहे, परंतु ती खर्च नियमानुसार झाला का एवढेच तपासते. त्या पैशातून नळाला पाणी आले का, हा तिचा विषय नव्हे.

पाणीपुरवठ्याची उद्दिष्टे अशी : सर्व कुटुंबांना थेट नळजोडणी, दरडोई दररोज 135 लिटर, सर्व जोडण्यांना मीटर, बिगरमहसुली पाणी (ज्याचा महसूल मिळत नाही असे पाणी) 20 टक्क्यांपर्यंत, चोवीस तास पुरवठा, गुणवत्ता 100 टक्के, तक्रार निवारण 80 टक्के, खर्चवसुली 100 टक्के आणि पाणीपट्टीची वसुली 90 टक्के.

यातील 135 लिटरचा आकडा स्वतंत्र चर्चेस पात्र आहे, कारण आमसभेत आणि वर्तमानपत्रांत तो सर्रास चुकीच्या अर्थाने वापरला जातो. केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेच्या 1999 च्या नियमपुस्तिकेत भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी 135, गटार नसलेल्या नळयोजनांसाठी 70 आणि महानगरांसाठी 150 लिटर अशी शिफारस होती. म्हणजे 135 हा माणसाच्या गरजेचा एकच ठरीव आकडा नसून मैलापाणी वाहून नेण्याच्या व्यवस्थेशी बांधलेला आहे. शिवाय त्यात गळती धरलेली नाही. जलशुद्धीकरण केंद्रातून सुटलेले पाणी लोकसंख्येने भागले की पुष्कळ शहरे 135 च्या वर दिसतात. वाटेतील गळती वजा केली की चित्र बदलते. भाजकातही गोम आहे. जनगणना 2011 ची आणि पाणी आजचे, अशा भागाकारात वाढीव वस्त्यांची माणसे हिशेबात येतच नाहीत.

पुरवठ्याचे तास मोजतानाही अशीच काळजी घ्यावी लागते. पाणी सुटले असे म्हणण्यासाठी जोडणीच्या ठिकाणी किमान 7 मीटर दाब हवा, म्हणजे ते मोटर न लावता बैठ्या घरात चढावे. तास सात दिवसांच्या सरासरीने काढतात. तिसऱ्या दिवशी दोन तास पाणी सोडणाऱ्या गावाची दररोजची सरासरी त्यामुळे सुमारे 40 ते 60 मिनिटे येते (तिसरा दिवस म्हणजे दिवसाआड की दोन दिवसांआड, हे गावोगाव वेगळे). चावीवाल्याचे (झडप उघडून पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे) वेळापत्रक आणि प्रत्यक्ष नळ यांतले अंतर या निर्देशकात सर्वांत स्पष्ट दिसते.

बिगरमहसुली पाण्यात फुटक्या जलवाहिन्यांची गळती, चोरटे नळ आणि नादुरुस्त मीटर यांच्याबरोबर सार्वजनिक नळकोंडाळ्यांचे मोफत पाणीही धरतात. त्यामुळे झोपडपट्टीतील कोंडाळी बंद केली तरी निर्देशक सुधारतो. या दोषाकडे मानकांच्या पुरस्कर्त्यांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

प्रत्येक आकड्याला ‘अ’ ते ‘ड’ अशी विश्वासार्हतेची श्रेणी द्यावी लागते, हा या पद्धतीचा सर्वांत उपयुक्त भाग. सर्व मुख्य जलवाहिन्यांवर व जोडण्यांवर मीटर असून त्यांच्या नोंदी ठेवल्या असतील तर वरची श्रेणी. अभियंत्याने अंदाजाने भरलेला आकडा ‘ड’. व्यवहारात मात्र आकडा छापला जातो आणि श्रेणी गळते. खर्चवसुलीचेही तसेच : पाणी विभागाचा वीजखर्च, वेतन व दुरुस्ती वेगळी दाखवणारे दुहेरी नोंदीचे लेखे नसतील तर 100 टक्के कशाचे, हे सांगता येत नाही.

मानकांना जोर आला तो पैशामुळे. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील तेराव्या वित्त आयोगाने (2010–15) नागरी संस्थांच्या कार्यनिष्पादन अनुदानासाठी (कामगिरी पाहून दिल्या जाणाऱ्या अनुदानासाठी) ज्या नऊ अटी घातल्या, त्यांत चारही सेवांची उद्दिष्टे राजपत्रात प्रसिद्ध करण्याची अट होती. चौदाव्या आयोगाने मानके मोजून जाहीर करणे अनुदानाशी जोडले. शहरी पाणीपुरवठा व मलनिस्सारण सुधारण्याच्या केंद्राच्या 2015 च्या अमृत अभियानात 500 शहरांचे सेवासुधारणा आराखडे याच चौकटीत बसवले गेले.

महाराष्ट्रात पाणीपुरवठा व स्वच्छतेच्या सुजल निर्मल या राज्य अभियानाने जवळपास याच काळात जललेखापरीक्षण, ऊर्जालेखापरीक्षण व ग्राहक सर्वेक्षण यांना निधीची पूर्वअट केले होते. त्यामुळे येथे मानकांसाठी जमीन काहीशी तयार होती. कराडलगतच्या मलकापूरने साधारण 2010 च्या सुमारास सर्व जोडण्यांना दुरून वाचता येणारे मीटर बसवले, वापराबरोबर चढत जाणारे दर लावले आणि चोवीस तास पुरवठा सुरू केला. योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या राज्याच्या पाणीपुरवठा संस्थेने आखली होती. नागपुरात 25 वर्षांच्या कराराने नेमलेल्या खाजगी चालकाने 2012 मध्ये काम हाती घेतले. दोन्ही उदाहरणे एकत्र उद्धृत केली जातात, पण एक नगरपंचायत होती आणि दुसरी महानगरपालिका. त्यांच्या खर्चाची सरळ तुलना करणे योग्य नाही.

घनकचऱ्याच्या निर्देशकांत घरोघरी संकलन, ओल्या-सुक्याचे वर्गीकरण व शास्त्रीय विल्हेवाट यांची उद्दिष्टे 100 टक्के आहेत. 2016 पासून स्वच्छ सर्वेक्षणाच्या क्रमवारीने या भागाला झाकोळले. पावसाळी गटारांसाठी सहा इंचांहून अधिक पाणी चार तासांपेक्षा जास्त साचणे ही घटना मोजतात आणि उद्दिष्ट शून्य आहे.

ही मानके ग्रामपंचायतींना लागू नाहीत. ग्रामीण नळयोजनांसाठी जल जीवन मिशनने (2019) दरडोई दररोज 55 लिटरचे वेगळे प्रमाण ठेवले आहे.