डीपीएफ

डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत बसवलेला, आत सिरॅमिकची वीट असलेला डबा, जो काजळी अडवतो आणि साठली की जाळून टाकतो. हे दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे, कारण नुसता अडवणारा फिल्टर काही दिवसांत चोक झाला असता. भारतात १ एप्रिल २०२० ला बीएस६ हे गाड्यांच्या प्रदूषणाचे नियम आले आणि तेव्हापासून नव्या डिझेल गाड्यांत हा जवळपास सर्रास दिसतो. डीईएफ किंवा युरियाची टाकी ही वेगळी भानगड, ती नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी असते, पण लोक दोन्ही एकच समजतात.

पहिला डीपीएफ कोणाचा यावर एकमत नाही. एक बाजू १९८५ कडे बोट दाखवते, त्या वर्षी मर्सिडीजने कॅलिफोर्नियात विकायच्या डिझेल गाड्यांना ‘ट्रॅप ऑक्सिडायझर’ नावाचं यंत्र लावलं होतं. दुसरी बाजू २००० सालच्या प्यूजो ६०७ ला मान देते. खरं तर सगळा वाद ‘पहिला’ कशाला म्हणायचं याचा आहे. काजळी गाळणारं यंत्र विकायच्या गाडीत बसवणं एवढंच पाहिलं तर १९८५ बरोबर, पण तो प्रयोग टिकला नाही आणि ते ट्रॅप पुढे काढून टाकावे लागले. प्यूजोच्या गाडीत फिल्टर किती भरला हे आधी आणि नंतरच्या दाबातल्या फरकावरून इंजिनचा कॉम्प्युटर ओळखायचा आणि जाळायची वेळ स्वतः ठरवायचा, शिवाय डिझेलमध्ये सेरियमचं औषध थेंबाथेंबाने मिसळलं जायचं म्हणजे काजळी ४५० अंशांच्या आसपासच पेटावी. आज आपल्या गाड्यांत जे आहे ते या दुसऱ्या घराण्यातलं, त्यामुळे इथे झुकतं माप २००० ला. आतल्या विटेची कुळी मात्र दोघांपेक्षा वेगळी आहे, कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी १९८१ च्या सुमारास मधमाशांच्या पोळ्यासारखी वीट करून तिची भोकं एकाआड एक बुजवायची कल्पना मांडली. धूर एका नळीत शिरतो, पुढे वाट बंद, मग तो सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या नळीत जातो आणि काजळी भिंतीवर राहते. वीट कॉर्डिएराइटची असते नाहीतर सिलिकॉन कार्बाइडची, दुसरी जास्त उष्णता सोसते आणि महागही पडते.

काजळी जाळायला म्हणजे ‘रिजन’ला दोन वाटा. पहिली आपोआप होणारी, धूर साधारण २५०-३०० अंशांच्या वर गेला की त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड काजळी हळूहळू खातो, हायवेला चालणाऱ्या गाडीला बरेचदा एवढंच पुरतं. दुसरी मुद्दाम केलेली. नुसत्या ऑक्सिजनवर काजळी पेटायला साडेपाचशे-सहाशे अंश लागतात, रोजच्या चालवण्यात एवढा धूर तापत नाही, म्हणून इंजिन उशिरा जास्तीचं डिझेल सोडतं आणि ते फिल्टरआधीच्या कॅटॅलिस्टमध्ये जळून उष्णता देतं. यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. वारंवार अर्धवट रिजन झालेल्या गाडीची डिपस्टिक वरच्या खुणेच्या पुढे गेलेली दिसते ती म्हणूनच, ऑइल वाढलं म्हणून खूश व्हायचं नसतं, ते पातळ झालेलं असतं.

रोजच्या वापरात अडचण होते ती छोट्या फेऱ्यांनी. पोरांना शाळेत सोडलं, भाजी घेतली, चार किलोमीटरवरचं ऑफिस, गाडी तापायच्या आत बंद. रिजन मधेच तुटलं तर पुढच्या वेळी इंजिन परत प्रयत्न करतं, पण असं किती वेळा. रिजन चालू असल्याचं कळतं ते आयडलिंगचा आरपीएम थोडा चढलेला असतो, मायलेजचा आकडा एकदम पडतो, गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो आणि गरम वास येतो यावरून. तेव्हा शक्य असेल तर दहा-पंधरा मिनिटं जास्तीची फिरवून यावी. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागलाच तर मॅन्युअलात बहुतेक ठिकाणी ६० च्या वर वेगाने पंधरा-वीस मिनिटं चालवा असं असतं, त्यात गिअर एक खाली ठेवून आरपीएम दोन हजारांच्या पुढे राखणं हा भाग लोक विसरतात. पुण्या-मुंबईकडचे लोक यासाठी एक्सप्रेसवेवर चक्कर मारतात ते योग्यच, पण खंडाळ्याचा घाट उतरताना त्याचा उपयोग नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो आणि धूर उलट थंड होतो. चढताना होतो. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर पिकअप जातो, गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे इंजिन स्वतःची ताकद मुद्दाम कमी करतं, मग सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून उभ्या गाडीत रिजन करावं लागतं.

राख हा वेगळा विषय. काजळी जळते, राख जळत नाही, ती मुख्यतः ऑइलमधल्या कॅल्शियम-झिंकच्या अ‍ॅडिटिव्हची असते आणि फिल्टरच्या टोकाला साचत जाते, कितीही रिजन केलं तरी तिथेच. म्हणून कमी राखेचं, एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) हिच्या सी गटातलं ऑइल सांगितलेलं असतं आणि दोनशे रुपये वाचवायला दुसरं टाकणं महागात पडतं. राख भरली की फिल्टर उतरवून साफ करतात किंवा बदलतात.

बीएस४ ला कारसाठी काजळीची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅम होती, बीएस६ ला ती ४.५ झाली, वर कणांची मोजणीही आली, किलोमीटरला ६० हजार कोटी. यासाठी गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाखांत ५० भाग) १० वर आणलेलं डिझेल आधी हवं होतं, दिल्लीला ते एप्रिल २०१८ लाच आलं.

फिल्टर काढून रिकामा डबा ठेवायचा आणि कॉम्प्युटरला गप्प करायचं, याला गॅरेजात ‘डिलीट’ म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात मूळ रचनेतले बदल रोखलेले आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आलं. पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराची अपारदर्शकता मोजतात, कण मोजत नाहीत. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१४ पासून फिल्टर गायब असेल तर गाडी वार्षिक तपासणीत नापास होते, आणि नेदरलँड्सने २०२३ पासून कण मोजायचं यंत्रच लावलं.