महाराष्ट्र विधानमंडळ : सदस्य आणि अधिवेशने

राज्यपाल, विधानसभा आणि विधानपरिषद मिळून महाराष्ट्राचे विधानमंडळ होते. परिषदेला वरिष्ठ सभागृह म्हणतात, पण तो मान नावापुरता. सरकार राहते किंवा पडते ते विधानसभेत. धनविधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचे विधेयक, परिषदेला फार तर १४ दिवस अडवता येते.

विधानसभेत २८८ आमदार असतात. १९६२ साली जागा २६४ होत्या, १९६७ मध्ये २७० झाल्या, आणि १९७८ पासून आजचा आकडा आहे. २९ जागा अनुसूचित जातींसाठी, २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव. मुंबईच्या वाट्याला ३६ जागा येतात : शहरात १० आणि उपनगरांत २६. उमेदवाराचे वय किमान २५ लागते, परिषदेसाठी ३०.

परिषदेची ७८ जणांची बांधणी अधिक गुंतागुंतीची आहे. ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडून देतात, २२ जणांना स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, तर पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून प्रत्येकी सात येतात. उरलेले १२ राज्यपालनियुक्त. साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यांतल्या जाणत्यांसाठी ही सोय. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर याच वाटेने सभागृहात आले. पुढेपुढे मात्र राजकीय सोय लावण्यासाठीच या जागा जास्त चर्चेत राहिल्या. जून २०२० मध्ये त्या रिकाम्या झाल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांतल्या सातच भरल्या. परिषद विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.

दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक खंड पडता कामा नये, एवढेच घटना सांगते. वर्षात तीन अधिवेशने हा इथला रिवाज : अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. मुंबईतले कामकाज १९८१ पासून नरिमन पॉइंटच्या विधान भवनात चालते. त्याआधी ते कुलाब्याला, आज पोलीस महासंचालकांचे कार्यालय असलेल्या इमारतीत चाले.

अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री चहापान ठेवतात आणि विरोधक त्यावर बहिष्कार टाकतात. सरकार कोणाचेही असो, यात सहसा बदल होत नाही. सकाळी विधान भवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन घोषणा, मग आत तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचे), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना), पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या), नियम २९३ खालची सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरची चर्चा. राजदंड, म्हणजे अध्यक्षांच्या अधिकाराचे चिन्ह, पळवण्याचे प्रसंगही घडले आहेत. विधानसभेत गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालवण्याइतक्या किमान हजेरीला, २९ सदस्य लागतात. तेवढे नसले की घंटा वाजते आणि उपाहारगृहात बसलेल्यांची पावले सभागृहाकडे वळतात. अर्थसंकल्पाच्या दिवशी वित्तमंत्री विधानसभेत आणि राज्यमंत्री परिषदेत एकाच वेळी भाषण वाचतात.

नागपूरच्या अधिवेशनाचे मूळ २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात आहे. वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घेण्याच्या, विदर्भाला दिलेल्या त्या शब्दापायी दर डिसेंबरात मंत्रालयातल्या फायली, कर्मचारी, सुरक्षा असा सगळा बारदाना मुंबईहून हलतो. करोनाकाळात, २०२० आणि २०२१ साली, हिवाळी अधिवेशन मुंबईतच उरकले गेले. २०२२ मध्ये फायली पुन्हा नागपूरला निघाल्या.