इटालियनमधील क्रियाविशेषणे

इटालियन भाषेतील क्रियाविशेषण हे अव्यय आहे. कर्त्याचे लिंग-वचन बदलले तरी त्याचे रूप तेच राहते. रीतिवाचक क्रियाविशेषणे बहुधा विशेषणाला ‘-मेन्ते’ प्रत्यय लावून साधतात. हा प्रत्यय लॅटिनमधील ‘मन’ या अर्थाच्या स्त्रीलिंगी नामापासून आला, म्हणून त्याआधी विशेषणाचे स्त्रीलिंगी एकवचन येते: लेन्तो (संथ), लेन्ता, लेन्तामेन्ते. ‘लेन्तोमेन्ते’ हे रूप चुकीचे आहे. एकारान्त विशेषणाला प्रत्यय थेट जोडतात: वेलोचे (वेगवान), वेलोचेमेन्ते. शेवटी ‘ले’ किंवा ‘रे’ असून त्याआधी स्वर असेल, तर अंत्य ‘ए’ गळतो: फाचिले (सोपा), फाचिलमेन्ते, रेगोलारे (नियमित), रेगोलारमेन्ते. आधी व्यंजन असल्यास तो टिकतो: फोल्ले (वेडा), फोल्लेमेन्ते. लेज्जेरमेन्ते (हलकेच), व्हिओलेन्तेमेन्ते (हिंसकपणे) आणि आल्त्रिमेन्ति (नाहीतर) हे अपवाद पाठच करावे लागतात. आघात नेहमी ‘मेन्’वर पडतो, मूळ शब्दात तो कुठेही असो.

बुओनो (चांगला) आणि कात्तिवो (वाईट) यांना हा प्रत्यय लागत नाही. त्यांच्या जागी बेने आणि माले येतात, तुलनेत मेल्यो आणि पेज्जो. मराठी भाषक हमखास अडखळतो तो इथेच. आपण ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ म्हणतो, म्हणून ‘मारीया कान्ता बुओना’ तोंडात येते. बरोबर वाक्य ‘मारीया कान्ता बेने’. मोल्तोचेही (पुष्कळ, फार) तसेच: ‘मोल्ता आक्वा’ (पुष्कळ पाणी) यात ते विशेषण आहे म्हणून बदलते, पण ‘मारीया ए मोल्तो स्तांका’ (मारीया फार दमली आहे) यात बदलत नाही.

पियानो (हळू), फोर्ते (जोरात) ही विशेषणे प्रत्ययाविनाच क्रियाविशेषणे होतात. ‘पियानो पियानो’ म्हणजे आपले हळूहळू. शरीराची ठेवण सांगणारा ‘-ओनी’ गट लहान आहे: जिनोक्योनी म्हणजे गुडघे टेकून, तेन्तोनी म्हणजे चाचपडत.

क्रियाविशेषण सहसा क्रियापदानंतर येते. संयुक्त काळात मात्र सेम्प्रे (नेहमी), माई (कधीच) आणि जा (आधीच) ही सहायक क्रियापद व कृदन्त यांच्या मध्ये बसतात: ‘नोन ओ माई व्हिस्तो रोमा’ (मी रोम कधीच पाहिलेले नाही). क्रियापदानंतर माई आले की आधी ‘नोन’ (नाही) हवेच. ‘येरी’ (काल) कृदन्तानंतर जाते: ‘ए आर्रिवाता येरी’ (ती काल आली). मराठीतला ‘ही’ शब्दाला मागून चिकटतो, पण त्याच अर्थाचे आन्के त्या शब्दाच्या आधी ठेवतात: ‘आन्के मारीया कान्ता’, मारीयाही गाते.