भौतिकी : प्रारंभिक अध्यापन व विज्ञानाचे स्वरूप

विद्यार्थ्यांना भौतिकीची पहिली ओळख करून देताना नियम व सूत्रे यांच्या जोडीने ते ज्ञान कसे मिळते, कशाच्या आधारावर टिकते आणि कोठवर विश्वासार्ह असते, याची जाण देणारी अध्यापनपद्धती. यांतील दुसऱ्या भागाला शिक्षणशास्त्रात ‘विज्ञानाचे स्वरूप’ म्हणतात. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, अनुमान या पायऱ्या शालेय पुस्तकांतून परिचित असल्याने त्यांचा विस्तार येथे केलेला नाही. उदाहरणे नाशिकची (अक्षांश सु. २०° उ., रेखांश सु. ७३.८° पू., समुद्रसपाटीपासून उंची सु. ६०० मी.) घेतली आहेत. पाठ्यपुस्तकांतील काही प्रमाण आकडे या गावी जसेच्या तसे लागू पडतात, काही पडत नाहीत, आणि प्रारंभिक अध्यापनाला हाच फरक सर्वांत उपयोगी ठरतो.

मराठीत भौतिकीचे लेखन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आढळते. बाळशास्त्री जांभेकरांच्या दिग्दर्शन या मासिकाने (१८४०) शास्त्रीय विषयांवरचे लेख वाचकांपर्यंत नेले. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांचा अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह १८६१ मध्ये निघाला. पुढे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी भौतिकी व रसायनशास्त्र यांवर पाठ्यपुस्तकांच्या धर्तीची पुस्तके लिहिली. या लेखनाचा भर माहिती देण्यावर होता. विद्यार्थ्याच्या हातून मापन करवून घेणे त्यात क्वचितच येते. भारतात ती दिशा ठळक झाली ती १९७२ मध्ये मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने (तो २००२ मध्ये बंद झाला) आणि १९७४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या कामाने. नाशिक जिल्ह्यात मराठा विद्या प्रसारक समाज (१९१४) व गोखले एज्युकेशन सोसायटी (१९१८) या संस्थांनी शिक्षणाचा पाया घातला. येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची (१९८९) शिक्षक-प्रशिक्षणाची व्यवस्था दूरशिक्षणाने चालते.

पाण्याचा उत्कलनबिंदू : ‘पाणी १०० °से. ला उकळते’ हे बहुतेकांना पाठ असलेले विज्ञानातील पहिले संख्यात्मक विधान होय. नाशिकच्या शाळेत तिवईवर चंबू ठेवून, स्पिरिटच्या दिव्यावर पाणी खळखळू दिले, की तापमापीतला पारा ९८ च्या खुणेच्या आसपास येऊन थांबतो आणि दिवा कितीही वेळ चालू ठेवला तरी वर सरकत नाही. प्रयोगवहीत मात्र १०० लिहिले जाते. मुलांच्या भाषेत याला ‘रीडिंग जमवणे’ म्हणतात, आणि ते प्रामुख्याने गुणांपायी घडते. प्रत्यक्षात येथून पुढे खरा तास सुरू व्हायला हवा. दोन अंश गेले कुठे, याची तीन उत्तरे वर्गातून लगेच येतात : तापमापी चुकीची आहे, पाणी अशुद्ध आहे, पाणी अजून पुरते उकळलेले नाही. तिन्ही तपासून पाहता येतात. तापमापी वितळत्या बर्फात धरून ती शून्य दाखवते का ते पाहावे. यावरून वरच्या टोकाची खात्री पटत नाही, पण सगळीच खूण सरकली असल्यास ते कळते. पाण्यात मीठ मिसळले तर उत्कलनबिंदू वाढतो, कमी होत नाही, म्हणजे दुसरे उत्तरही टिकत नाही. पारा स्थिर राहतो, यावर तिसरे उत्तर बाद होते. उरते चौथे कारण, जे सहसा कोणी सुचवत नाही : समुद्रसपाटीपासूनची उंची. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि दर ३०० मी. उंचीला उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. त्या हिशोबाने मुंबईत सुमारे १००, नाशिकला ९८ आणि कळसूबाईच्या माथ्यावर (१,६४६ मी.) साधारण ९४.५ °से. असे आकडे यायला हवेत. ज्या गृहीतकातून अशी भाकिते निघतात आणि ती खोटी ठरण्याची शक्यता उघडी असते, ते वैज्ञानिक स्वरूपाचे, हा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये मांडलेला निकष विद्यार्थ्यांना येथे नाव न घेता शिकवता येतो. हा निकष सर्वांना मान्य नाही. विज्ञानाचे इतिहासकार टॉमस कून यांच्या मते (१९६२) वैज्ञानिक एखाद्या विसंगत वाचनापायी सिद्धांत सोडत नाहीत. आधी उपकरणावर संशय घेतात. वरच्या तासात मुलेही नेमके तेच करतात. नवशिक्यांसाठी दोन्ही मते एकमेकांना पूरक मानणे सोयीचे, आणि बहुधा अधिक खरे.

शंभर हा आकडा आला कोठून, याचा इतिहास गुंतागुंतीचा असून त्यावर एकमत नाही. उत्कलनबिंदू हवेच्या दाबानुसार बदलतो हे फॅरेनहाइट यांनी १७२४ च्या सुमारास नोंदवले होते. अँडर्स सेल्सियस यांनी १७४२ मध्ये शंभर भागांची श्रेणी मांडली. तीत पाण्याच्या उत्कलनाला ० व गोठणबिंदूला १०० हे अंक दिले होते. त्यातही उत्कलनाच्या खुणेसाठी वायुदाब ठरवून देण्याची काळजी त्यांनी घेतली होती. हा क्रम उलटा कोणी केला? एक मत स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांच्या बाजूचे आहे. हरितगृहासाठी त्यांनी उलट क्रमाची तापमापी वापरल्याचा उल्लेख १७४५ च्या सुमाराचा आहे. दुसरे मत सेल्सियस यांच्यानंतर उप्सालाच्या वेधशाळेत आलेले मार्टिन स्ट्रोमर यांना श्रेय देते. फ्रान्समधील ल्यों येथे क्रिस्तँ यांनी १७४३ मध्ये शून्याला गोठणबिंदू धरणारी श्रेणी स्वतंत्रपणे वापरात आणली होती. उपकरण बनविणारे एकस्ट्रोम यांचेही नाव घेतले जाते. उपलब्ध पुरावा पाहता एकच जनक शोधण्यापेक्षा, हा बदल दोन-तीन ठिकाणी जवळपास एकाच काळात झाला असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

अडचण येथे संपत नाही. उकळत्या पाण्याचे तापमान भांड्याच्या पृष्ठभागावरही अवलंबून असते. गुळगुळीत काचेच्या चंबूत बुडबुडे उशिरा सुटतात व पाणी अंशभर अधिक तापू शकते. जेनेव्हाचे द ल्यूक यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या अतितापनाचा बारकाईने अभ्यास केला. हेन्री कॅव्हेंडिश यांच्या नेतृत्वाखालील रॉयल सोसायटीच्या समितीने १७७७ मध्ये शिफारस केली, की तापमापीचा फुगा पाण्यात न बुडवता वाफेत धरावा. वाफेचे तापमान जास्त स्थिर असते. शाळेतही फुगा वाफेत धरला, तर निरनिराळ्या गटांच्या वाचनांमधील तफावत कमी होते. ‘स्थिर बिंदू’ निसर्गात तयार सापडत नाही, तो प्रयत्नाने स्थिर करावा लागतो, हे विद्यार्थ्यास यातून कळते. आजच्या आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीनुसार तर प्रमाण वातावरणीय दाबालाही पाणी ९९.९७ °से. च्या आसपास उकळते.

लंबक : उत्कलनबिंदूच्या नेमके उलट उदाहरण गुरुत्वीय त्वरणाचे. पुस्तकात ९.८ मी./से.² असते. अक्षांश व उंची लक्षात घेता नाशिकला हे मूल्य सु. ९.७८५ भरते. एक मीटर लांबीच्या लंबकाची वीस आंदोलने पुस्तकी मूल्यानुसार ४०.१४ सेकंदांत, तर स्थानिक मूल्यानुसार ४०.१७ सेकंदांत व्हावीत. स्टॉपवॉच दाबणाऱ्या हाताची चूक एक-दोन दशांश सेकंदांची असल्याने हा फरक शाळेत दिसणे शक्य नाही. दोरीची लांबी गोलकाच्या तळापर्यंत मोजली की मध्यापर्यंत, एवढ्यावर याहून मोठा फरक पडतो. पुस्तकी आकडा एके ठिकाणी ढळढळीत हुकतो, दुसऱ्या ठिकाणी हुकतो पण आपल्या साधनांना कळत नाही, ही दोन्ही उदाहरणे एकाच आठवड्यात घ्यावीत. मापनातील अनिश्चितता हा विषय व्याख्येने शिकवला तर तो कंटाळवाणा होतो.

सावलीचे मापन : शंकूच्या (जमिनीत उभ्या रोवलेल्या काठीच्या) सावलीवरून मध्यान्ह व अक्षांश काढण्याची पद्धत भारतीय ज्योतिषग्रंथांत जुनी आहे. नाशिकला पहिली ठेच वेळेची लागते. घड्याळात बारा वाजता सावली सर्वांत लहान नसते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° रेखांशाची असल्याने येथील मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांनी येते, आणि कालसमीकरणामुळे (खरा सूर्य व घड्याळाची सरासरी वेळ यांत वर्षभर बदलणाऱ्या फरकामुळे) ती नोव्हेंबरच्या आरंभी १२.१८ च्या, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२.४९ च्या आसपास जाते. विषुवदिनी एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली सुमारे ३६.४ सेंमी. पडते, २२ डिसेंबरला ती ९५ सेंमी. च्या जवळ जाते. २० मेच्या सुमारास ती नाहीशी होते (शून्य सावली). त्यानंतर २३ जुलैच्या सुमारापर्यंत सावली दक्षिणेकडे पडते, कारण नाशिक कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. ‘दुपारी सावली उत्तरेला’ हे ठाम विधान केलेल्या विद्यार्थ्याला २१ जूनची सहा सेंमी. ची दक्षिणेकडची सावली दाखवणे अत्यंत परिणामकारक असते. पाऊस मध्ये आला नाही तर. जुलैचा शून्य सावली दिवस ढगांमुळे बहुधा वाया जातो.

नाशिक व पुणे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, हा योग शिक्षकांनी साधावा असा आहे. दोन्ही शहरांतील शाळांनी विषुवदिनी एकाच वेळी मापन केले, तर सावल्यांत सुमारे ३ सेंमी. चा फरक मिळतो. त्यावरून अक्षांशांतील सु. १.५° चे अंतर निघते, आणि सरळ अंतर (सु. १६४ किमी.) ठाऊक असल्यास पृथ्वीचा परिघ ४०,००० किमी. च्या आसपास काढता येतो. यात दोन खाचखळगे आहेत. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीची कड सुमारे सेंटिमीटरभर धूसर असते. प्रत्येक वाचनात दोन-तीन मिमी. ची चूक गृहीत धरली तरी उत्तर दहा-पंधरा टक्क्यांनी हलते. दुसरा खळगा अंतराचा. मुले सवयीने रस्त्याचे अंतर (सु. २१० किमी.) घालतात आणि परिघ ५१,००० किमी. येतो. सिन्नर व संगमनेरवरून वळत जाणारा रस्ता रेखावृत्त नव्हे, हे नकाशा उलगडून त्यांनाच शोधू द्यावे. रस्त्याच्या अंतराने होणारी चूक नेहमी एकाच दिशेची असते व कितीही वाचने घेतली तरी सरासरीने जात नाही. धूसर कडेची चूक मात्र बऱ्याच अंशी जाते.

गणिती सिद्धता व भौतिकीतील पुरावा : नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी शोधलेला ६१७४ हा अंक या भेदासाठी उत्तम आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, हेच पुन्हा करत जावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते. उदा., ३५२४ : ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. चार अंकी संख्या मर्यादित असल्याने प्रत्येक संख्या तपासून हे विधान कायमचे सिद्ध करता येते. उत्कलनबिंदूचा नियम असा कधीच ‘संपत’ नाही. प्रत्येक नव्या डोंगरावर, प्रत्येक नव्या द्रवाबाबत तो पुन्हा कसोटीला लागतो. ‘न्यूटनचा नियम सिद्ध झाला’ हे विधान वर्गात टाळावे, ते यासाठी.

परंपरेतील दावे : गुरुत्वाकर्षण शिकवताना भास्कराचार्यांचा (द्वितीय) उल्लेख महाराष्ट्रात हमखास होतो. सिद्धांतशिरोमणि (११५०) या ग्रंथात पृथ्वी जड पदार्थांना स्वतःच्या शक्तीने ओढते असे म्हटले आहे, हे निर्विवाद. त्यांच्या जन्मस्थानाविषयी मतभेद आहेत. नाशिक जिल्ह्याच्या सीमेलगत चाळीसगावजवळील पाटण येथील त्यांच्या वंशजांचा शिलालेख (तेराव्या शतकाचा प्रारंभ, भाऊ दाजी यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला) घराण्याचा या प्रदेशाशी असलेला संबंध दाखवतो, पण कुटुंबाचे वास्तव्य व जन्मस्थान एकच मानण्यास तो पुरेसा नाही. न्यूटनच्या आधी नियम सापडला, या दाव्याचे दोन भाग करावेत : ओढ ही कल्पना जुनी आहे, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ती घटते आणि सफरचंद व चंद्र एकाच नियमाने बांधलेले आहेत हे परिमाणात्मक विधान १६८७ चे आहे. अभिमान व नेमकेपणा यांत येथे विरोध येत नाही, फक्त प्रश्न बारीक विचारावा लागतो.

सिंहस्थाचे उदाहरणही असेच हाताळता येते. गुरू ग्रह सिंह राशीत येतो तेव्हा नाशिक-त्र्यंबकेश्वरला कुंभमेळा भरतो. बारा वर्षांचे हे चक्र मुलांना घरूनच माहीत असते. गुरूचा प्रदक्षिणाकाल ११.८६ वर्षे आहे; सूर्यापासूनचे त्याचे सरासरी अंतर पृथ्वीच्या ५.२ पट असून ५.२ च्या घनाचे वर्गमूळ ११.८६ येते, ही केप्लरच्या तिसऱ्या नियमाची (प्रदक्षिणाकालाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो) पडताळणी आठवीच्या गणितात बसते. बारा व ११.८६ यांतील तफावत साचत जाऊन सुमारे ८३ वर्षांत सात फेऱ्या पूर्ण होतात, ८४ वर्षांत नव्हे, म्हणून दोन पर्वांतील अंतर केव्हा तरी अकरा वर्षांचे येते. ग्रहाचे स्थान ही मोजता येणारी गोष्ट आणि त्या स्थानाचा माणसाच्या दैवाशी जोडलेला संबंध ही वेगळी गोष्ट. पहिलीवर वेध घेता येतो, दुसरीसाठी कोणते निरीक्षण ती खोटी ठरवील ते आधी सांगावे लागेल.

मूल्यमापन : प्रचलित प्रात्यक्षिक परीक्षेत अपेक्षित उत्तराच्या जवळ आलेल्या वाचनाला गुण मिळतात. ९८ हे वाचन जसेच्या तसे नोंदवून त्याचे कारण देणाऱ्या विद्यार्थ्याला अधिक गुण देणारी तरतूद झाल्याखेरीज वर वर्णिलेले प्रयोग वर्गात टिकणे अवघड आहे. बल व गती यांविषयीच्या पूर्वकल्पना (वर फेकलेल्या चेंडूवर वरच्या दिशेने बल असते, ही त्यांतली नेहमीची) पारखणारी बहुपर्यायी चाचणी हेस्टेनीस व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. सूत्रे अचूक वापरणारे विद्यार्थीही तीत चुकतात, असे जगभर आढळले आहे.