कोकण रेल्वे केवळ चाकरमान्यांसाठी नाही

‘कोकण रेल्वे ही गणपती-शिमग्याला गावी जाणाऱ्यांची सोय, व्यापाराला तिचा काय उपयोग?’ हा समज वर्षानुवर्षे ऐकू येतो, पण तो वस्तुस्थितीला धरून नाही. १९९८ मध्ये रोहा ते कर्नाटकातील ठोकूर हा मार्ग सलग खुला झाला आणि पुढच्याच वर्षी कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू झाली, जिच्यात भरलेले ट्रक सपाट वॅगनींवर चढवून, चाके जखडून नेले जातात आणि चालक आपापल्या केबिनमध्ये बसूनच प्रवास करतात. घाटवळणांवर जाळावे लागणारे डिझेल वाचते, हे वेगळेच. मार्ग बहुतांशी एकेरी असल्याने क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी, गाड्यांना ताटकळावे लागते, ही तक्रार मात्र रास्त आहे.